शेतात जुनं लोखंड सापडलं तर ते काय आहे हे कसं ओळखायचं

नांगरट चालू असते किंवा जेसीबी लावलेला असतो, खण्ण करून आवाज येतो आणि गंजलेला तुकडा वर येतो, बहुतेक जण तो सरळ भंगाराच्या पोत्यात टाकतात. कृपया तसं करू नका.

आधी जागेवरच मोबाईलने फोटो काढा, किती खोलवर मिळालं ते लिहून ठेवा. तोफगोळ्यासारखं काही दिसलं तर हात न लावता पोलिसांना कळवा.

घरी आणल्यावर माती वाळू द्या, मग जुन्या टूथब्रशने हळूहळू झाडा. ग्राइंडर, ॲसिड अजिबात नको, खुणा जातात.

आता झीज कुठे झालीय ते बघा, सगळं त्यातच आहे. लांब जाड पट्टी आणि एकच टोक झिजून निमुळतं झालेलं असेल तर तो लाकडी नांगराचा फाळ, शेजारी कडं मिळालं तर ती त्याची वसू, म्हणजे फाळ नांगराला धरून ठेवणारं कडं. आडवं लांब पातं, पुढची कड खाल्लेली, तर कुळवाची, म्हणजे नांगरटीनंतर फिरवायच्या औताची, पास.

मला बांधाजवळ बोटभर लांबीचा अर्धचंद्र मिळाला होता, कडेला भोकं, एका भोकात वाकलेला खिळा तसाच. मला वाटलं घोड्याची नाल तुटलीय. चुलत्यांनी नुसता अंगठा फिरवला आणि म्हणाले, ही बैलाची पत्री, बैलाचा खूर दुभंगलेला म्हणून एका पायाला दोन लागतात, आणि टोक बघ किती पातळ झालंय, हा बैल खडीच्या रस्त्याने गाडी ओढायचा.

तुटलेली कडही बघा, करडी दाणेदार असेल तर बीड, म्हणजे साच्यात ओतलेलं लोखंड, लाकडासारखे धागे दिसले तर लोहाराने घडवलेलं. बिडावर ओतीव अक्षरं असू शकतात. किर्लोस्करांचा लोखंडी नांगर १९०३ चा, त्यामुळे नांगराच्या तुकड्यावर त्यांचं नाव दिसलं तर तो त्यानंतरचाच.

विदर्भात दगडांच्या गोल रिंगणात लोखंड मिळालं तर पुढे खणू नका, तहसीलदारांना सांगा. ती महापाषाणकाळातली, म्हणजे दफनाभोवती मोठे दगड रचायचे त्या प्राचीन काळातली, दफनं असू शकतात, नागपूर जिल्ह्यात नैकुंडला तर त्या काळातली लोखंड गाळायची भट्टीच सापडलीय.

बाकी वस्तू ओळखू आली नाही तर गावातल्या लोहाराकडे न्या, सोबत सत्तरी ओलांडलेलं कुणीतरी असू द्या, आणि त्यांच्या हातात द्या, फोटो दाखवून भागत नाही.