सँ मालोला जायचं तर आधी तिथी बघा

विमानाचं तिकीट कधी स्वस्त मिळतं ते नंतर बघा. फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यावरच्या सँ मालोला जायचं असेल, तर आधी पंचांग उघडा आणि पौर्णिमा-अमावास्या कधी आहेत ते बघून ठेवा. हे मी पहिल्या फेरीत शिकले. एका टूरवाल्याने आम्हाला ऐन अष्टमीला तिथे नेलं. दुपारी एकला बस पोचली आणि पाचला निघाली. तेवढा सगळा वेळ समुद्र गावाच्या तटबंदीला चिकटलेला होता. समोरच्या बेटावर चालत जाता येतं असं ऐकून होते, पण वाट पाण्याखाली. चौकशी केली तर गाइड म्हणाला, "आज नाही जमणार." तिथी बघून दिवस ठरवला असता तर जमलं असतं. म्हणून तीन वर्षांनी एकटी गेले, सहा दिवस राहिले, आणि या वेळी तारीख मी ठरवली.

माझे वडील गोदीत होते, इंदिरा डॉकच्या लॉकगेटवर. माझगावातल्या आमच्या घरी घड्याळाइतकीच तिथी चाले. त्यांचा हिशोब सोपा होता: तिथीची पाऊणपट केली की मुंबईतल्या भरतीची ढोबळ वेळ निघते. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. पुढे तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवताना मी प्रत्येक वर्गाकडून हा हिशोब करून घेतला.

सँ मालोत हा हिशोब तसाच्या तसा चालत नाही, कारण प्रत्येक बंदराची भरतीची वेळ वेगळी असते. मुंबईत उधाणाची, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासची मोठी, भरती दुपारी आणि मध्यरात्रीच्या सुमारास येते. तिथे उधाणाच्या दिवसांत ती सकाळ-संध्याकाळी सात-आठच्या सुमारास येते आणि दुपारी दोन-तीनला पाणी पार आत ओढलं जातं. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीच्या, दिवसांत नेमकं उलटं, भर दुपारी भरती. आमची अष्टमी अशीच वाया गेली. तेव्हा पौर्णिमा किंवा अमावास्येच्या आदल्या दिवशी पोचा आणि पुढचे तीन-चार दिवस राहा. सगळ्यात मोठं पाणी पौर्णिमा-अमावास्येनंतर दीड-दोन दिवसांनी येतं. आपल्याकडे मोठ्या भरत्या म्हटलं की पावसाळा आठवतो, तिथे मात्र मार्च आणि सप्टेंबरच्या आसपासचं उधाण सगळ्यात मोठं.

मोठं म्हणजे किती? मुंबईत पाच मीटरच्या जवळ भरती आली की बातमी होते. सँ मालोत मोठ्या उधाणाला भरती आणि ओहोटीच्या पातळीत १२-१३ मीटरचा फरक पडतो. चार मजली चाळ पाण्यात बुडावी आणि सहा तासांनी कोरडी व्हावी, तसं.

तिथे पोचल्यावर भरतीचं वेळापत्रक मिळवा. त्यात पीएम दिसलं तर ती दुपारनंतरची वेळ समजू नका. पीएम म्हणजे प्लेन मेर, भरलेला समुद्र. बीएम म्हणजे बास मेर, ओहोटी. शेजारी २० ते १२० मधला एक आकडा असतो, तो पाण्याचा जोर. ४५ च्या आसपास असेल तर भांग, ९५ च्या वर असेल तर उधाण. उन्हाळ्यात तिथली घड्याळं एक तास पुढे असतात. तो तास वेळापत्रकात धरला आहे की नाही, हे विचारून घ्या. दुकानात शिरताना "बाँझूर" म्हणायचं, मग प्रश्न. एवढं केलंत तर मोडक्या फ्रेंचलाही लोक आपुलकीने उत्तर देतात.

पॅरिसच्या मोंपार्नास स्टेशनवरून थेट टीजीव्ही ही वेगवान रेल्वे असते, अडीच तासांच्या आत पोचवते. थेट नसेल तर वाटेतल्या रेन शहरात गाडी बदला. स्टेशनपासून तटबंदी वीसेक मिनिटांच्या चालीवर आहे.

पहिल्या दिवशी फक्त तटावरून चाला. फेरी दोन किलोमीटरच्या आतच संपते, पण मला तीन तास लागले. हे गाव मुळात खडकाचं बेट, वाळूच्या एका चिंचोळ्या पट्ट्याने जमिनीला जोडलेलं. त्या पट्ट्याला सियों म्हणतात. सात बेटांच्या शहरात वाढलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. फरक एवढाच की आपल्या फोर्टचा तट १८६० च्या दशकात पाडला गेला, यांचा उभा आहे. सहाव्या शतकात वेल्सकडून आलेल्या मालो नावाच्या साधूवरून गावाचं नाव पडलं. गावकऱ्यांचा ताठाही तसाच जुना: १५९० ते १५९४ अशी चार वर्षं त्यांनी स्वतंत्र गणराज्य म्हणून काढली. "फ्रेंच नाही, ब्रेतों (ब्रिटनीचा) नाही, मी मालुआँ (सँ मालोचा)," हे त्यांचं ब्रीद.

तटावरून खाली बघताना पाण्याकडून इतिहास वाचा. ओहोटीला गलबतं चिखलावर टेकायची आणि चोरांना रान मोकळं मिळायचं, म्हणून रात्री किनाऱ्यावर राखणीचे कुत्रे सोडत. १७७० पर्यंत हे चाललं. रात्री दहाला नोगेत नावाची घंटा वाजे. ती ऐकून माणसं तटाच्या आत येत. १६९३ मध्ये इंग्रजांनी दारूगोळ्याने भरलेलं एक जहाज तटावर सोडलं. ते अलीकडच्या खडकावर अडकून फुटलं. एक मांजर तेवढं मेलं अशी दंतकथा आहे, आणि गावात 'नाचणाऱ्या मांजराची गल्ली' आजही आहे. या खडकांनी आणि पाण्याच्या ओढीनेच गाव राखलं. इथले कोर्सेर, म्हणजे राजाच्या परवान्याने शत्रूची जहाजं लुटणारे, याच पाण्याच्या भरवशावर बाहेर पडत.

त्यांच्यातला रोबेर सुर्कूफ आपल्या समुद्रातही आला होता. ७ ऑक्टोबर १८०० ला बंगालच्या उपसागरात त्याने 'केंट' हे त्याच्या जहाजापेक्षा कितीतरी मोठं इंग्रजी जहाज धरलं. त्याचा पुतळा समुद्राकडे बोट दाखवत उभा आहे. फोटो काढा, पण तो गुलामांच्या व्यापारातही होता, हे विसरू नका. मला स्वतःला जास्त महत्त्वाचा वाटतो तो १६९९ मध्ये इथे जन्मलेला ला बूर्दोने. १७४६ मध्ये त्याने इंग्रजांकडून मद्रास घेतलं. त्याआधी मॉरिशसचा गव्हर्नर असताना पोर्ट लुई बंदर त्याने उभं केलं. पुढे शंभरेक वर्षांनी कोकणातली आपली माणसं मुंबई बंदरातून गिरमिटावर, म्हणजे मजुरीच्या करारावर, निघाली आणि त्याच पोर्ट लुईला उतरली. तटावर हे आठवलं आणि मी बराच वेळ तिथेच बसून राहिले.

गावातली घरं जुनी समजून चालू नका. ऑगस्ट १९४४ मध्ये बाँब आणि आगीने तटाच्या आतलं बहुतेक गाव बेचिराख झालं. नंतर ग्रॅनाइट लावून ते पूर्वीसारखं बांधलं. चर्चचा मनोरा पुरा व्हायला १९७२ उजाडलं. भिंतीजवळ जाऊन हात लावून बघा. जुन्या दगडाच्या कडा झिजून गोल झाल्यात, नव्याच्या धारदार आहेत.

दुसऱ्या दिवशी बेट. ग्राँ बे नावाच्या त्या बेटावर लेखक शातोब्रियाँची कबर आहे, समुद्राकडे तोंड करून, दगडावर नाव नाही. हाजी अलीची वाट आठवा, पण ती बांधीव आहे. इथली शेवाळलेली आणि खडबडीत आहे, चप्पल चालणार नाही. बाँ सेकूरच्या पुळणीवरून पाणी उतरत असताना निघा. ओहोटीची वेळ झाली की परत फिरा, "अजून पाच मिनिटं" नको. पाणी समोरून येत नाही, दोन्ही बाजूंनी वाटेला मिठी घालतं. अडकलातच तर पाण्यात उतरू नका, सहाएक तास बेटावरच थांबा.

भूक लागली की गालेत मागा. कुट्टूच्या पिठाचं ते आपलं घावनच, फक्त आत अंडं आणि चीज. एक दिवस बसने कांकालला जा. बंदराशेजारी कालवं फोडून ताटात देतात, वर लिंबू. कोकणातली कालवं खाल्लेल्याला वेगळं शिकवावं लागत नाही. शिंपले तिथेच किनाऱ्यावर टाकतात, ढीग पडलेला दिसेल. वेळ असेल तर रांस नदीच्या मुखावरचा बांधही बघा. १९६६ पासून तिथे भरती-ओहोटीवर वीज बनते, २४ टर्बाइन, २४० मेगावॅट.

उधाणाच्या संध्याकाळी भरतीच्या अर्धा तास आधी सियोंवर या. लाटा फोडायला तिथे ओकचे जाड ओंडके ओळीने रोवलेत. रेनकोट घाला, छत्री टिकत नाही. लाट आधी ओंडक्यांवर आपटते, मग धक्क्याच्या भिंतीवर, मग रस्त्यावर. माझ्या शेजारी एक आजी रेलिंगला धरून उभ्या होत्या. प्रत्येक लाटेला त्या हाताने खूण करत होत्या, आता मागे, आता पुढे. त्यांच्या हाताकडे बघत मी पाऊण तास मागे-पुढे होत राहिले.