टाचणीएवढी वस्तू, लिंबाएवढा डाग: एमआरआयमध्ये असं दिसलं तर काय करायचं

लोकलायझर (स्कॅनच्या सुरुवातीला घेतलेली झटपट इमेज) आला आणि डोक्याच्या मागे लिंबाएवढं काळं भोक, कडेला पांढरी चकचकीत रेघ, शेजारचा मेंदू कुणी ओढल्यासारखा वाकडा. ट्यूमर असा दिसत नसतो, धातू शोधा.

माझ्याकडे एक काकू आल्या होत्या, मंगळसूत्र, जोडवी सगळं काढलं म्हणाल्या आणि खरंच काढलं होतं, पण गजरा सोडल्यावर अंबाड्यात एक काळी पिन तशीच राहिली, त्यांना स्वतःलाही जाणवत नव्हती. म्हणून फक्त विचारू नका, केसांतून हात फिरवून बघा, साडीच्या निऱ्या आणि खांद्यावरची सेफ्टी पिन बघा, आणि मस्कारा-आयलायनर पुसायला सांगा कारण त्यात आयर्न ऑक्साइड असू शकतं. पिन सापडली तर मशीनच्या खोलीत काढायची नाही हं, पेशंटला बाहेर आणूनच, नाहीतर ती सुटून थेट मॅग्नेटकडे जाईल.

डाग वस्तूपेक्षा एवढा मोठा का, तर मशीन शरीरातल्या प्रोटॉनची (हायड्रोजनच्या केंद्रकांची) जागा त्यांच्या सिग्नलच्या फ्रिक्वेन्सीवरून ठरवतं, १.५ टेस्लाला (टेस्ला म्हणजे मॅग्नेटच्या ताकदीचं एकक) साधारण ६४ मेगाहर्ट्झ, आणि लोखंडाच्या आसपास ती फ्रिक्वेन्सीच बिघडते. मग सिग्नल भलत्याच जागी जाऊन साचतो, ती पांढरी कड. आणि काळा भाग म्हणजे जिथून सिग्नल सरकला किंवा प्रोटॉनची लय तुटून विझला ती जागा.

आता जे काढताच येत नाही, म्हणजे दातांच्या तारा, स्क्रू वगैरे, तिथे सीक्वेन्स, म्हणजे स्कॅनची पद्धत, बदला. धातूने जास्त बिघडणाऱ्या ग्रेडिएंट एको या पद्धतीऐवजी फास्ट स्पिन एको ही पद्धत, बँडविड्थ (सिग्नल घेण्याचा फ्रिक्वेन्सीचा पट्टा) वाढवा, टीई (सिग्नल ऐकेपर्यंतचा वेळ) कमी करा, स्लाइस पातळ घ्या, चरबीचा सिग्नल दाबायला फॅट सॅटच्या जागी स्टर (STIR). बँडविड्थ वाढवली की इमेज दाणेदार होते, मग अ‍ॅव्हरेज (तोच सिग्नल किती वेळा घेऊन सरासरी काढायची) वाढवा, वेळ जाईल, इलाज नाही. डिफ्युजन (पाण्याच्या रेणूंची हालचाल दाखवणारा स्कॅन) मात्र बहुतेक वेळा खराबच येतं. आणि चॉइस असेल तर पेशंट ३ टेस्लावर नको, १.५ वरच घ्या.

एक फसवी केस म्हणजे मणक्याचं जुनं ऑपरेशन, ड्रिलचे धातूचे बारीक कण आत राहतात, एक्सरेत काही दिसत नाही आणि एमआरआयमध्ये काळे ठिपके. ग्रेडिएंट एकोवर जुना रक्तस्रावही असाच काळा दिसतो, त्यामुळे ऑपरेशनचं आधीच विचारून रेडिओलॉजिस्टच्या फॉर्मवर लिहून ठेवा.