पार्टिसिपल क्लॉज: स्वल्पविरामानंतर कोण बसलंय ते आधी बघा

"जेवून झोपला", "गात गात निघाली", "पडलेलं झाड" अशा रचना आपण दिवसभर बोलतो. शाळेच्या व्याकरणात त्यांना धातुसाधितं म्हणतात. इंग्रजीतला पार्टिसिपल क्लॉज, म्हणजे क्रियापदाच्या आयएनजी किंवा तिसऱ्या (रिटन, ब्रोकन अशा) रूपावर उभा असलेला वाक्याचा तुकडा, ही त्याच जातीची चीज आहे, त्यामुळे मराठी माणसाला तो समजायला अवघड नाही. चुका होतात त्या लिहिताना, आणि त्याही या ओळखीमुळेच. आपले ऊन, ताना, लेला हे प्रत्यय इंग्रजी रूपांपेक्षा बरेच सैल आहेत.

"मी घरी जाताना पाऊस आला." जाणारा मी आणि येणारा पाऊस. कर्ते दोन आहेत, तरी कुणाला काही खटकत नाही. आता इंग्रजीत "गोइंग होम, द रेन स्टार्टेड" लिहा. पाऊसच घरी निघाला! याचं कारण असं की इंग्रजी क्लॉजला सहसा स्वतःचा कर्ता नसतो, तो मुख्य वाक्यातला कर्ता उसना घेतो. म्हणून स्वल्पविरामानंतर जो कर्ता येईल, आधीची क्रियाही त्याच्याच नावावर चढते. मग एक तर "गोइंग होम, आय गॉट कॉट इन द रेन" म्हणा, नाहीतर क्लॉजचा नाद सोडून सरळ "अ‍ॅज आय वॉज गोइंग होम, इट स्टार्टेड टू रेन" लिहा. दुसरा मार्ग कमीपणाचा अजिबात नाही.

"पाऊस पडून रस्ते निसरडे झाले" हेही तसंच. इथे "रेनिंग हेवीली, द रोड्स बिकेम स्लिपरी" चालणार नाही, कारण रस्ते पडत नाहीत.

या चुकीला डँगलिंग पार्टिसिपल म्हणतात आणि ती पकडायची युक्ती एकाच शब्दाची आहे. क्लॉज वाचून झाला की "कोण?" असं विचारायचं. उत्तर स्वल्पविरामाला लागून मिळालं पाहिजे. दोन जागी विशेष लक्ष ठेवा. पहिली जागा म्हणजे मुख्य वाक्य कर्मणी असणं: "आफ्टर रीडिंग द रिपोर्ट, अ मीटिंग वॉज कॉल्ड" यात अहवाल मीटिंगने वाचला. दुसरी म्हणजे "माय", "हिज" यांसारखे शब्द: "ओपनिंग द डोअर, माय हँड गॉट स्टक" यात कर्ता "हँड" आहे, "मी" नाही. "माय"मध्ये मी दडलेला असला तरी तो कर्ता म्हणून धरत नाहीत. शास्त्रीय लेखनात "युझिंग अ थर्मामीटर, द टेम्परेचर वॉज मेजर्ड" अशी वाक्यं सर्रास दिसतात आणि खपूनही जातात. पण नवशिक्याने त्या सवलतीवर विसंबू नये.

आता दोन वाक्यं जोडून बघू. "रवी फिनिश्ड हिज वर्क. ही वेंट होम." दोन्हीकडे कर्ता एकच आहे, याची आधी खात्री करा. पहिल्या वाक्यातला कर्ता काढा, जोडणारा शब्द असेल तर तोही काढा आणि क्रियापदाचं रूप बदला. काढलेलं नाव मुख्य वाक्यात न्या: "हॅविंग फिनिश्ड हिज वर्क, रवी वेंट होम." शेवटची पायरी बरेच जण विसरतात. मग वाक्यात नुसता "ही" उरतो आणि रवी गायब होतो.

रूप कोणतं घ्यायचं हे दोन प्रश्नांवर ठरतं. कर्त्याने क्रिया केली की त्याच्यावर झाली? आणि ती मुख्य क्रियेच्या वेळची की आधी संपलेली? केली आणि त्याच वेळची असेल, तर आयएनजी रूप. झाली असेल, तर तिसरं रूप: "रिटन इन हेस्ट, द लेटर वॉज फुल ऑफ मिस्टेक्स." आधी संपली असेल, तर हॅविंग आणि तिसरं रूप, आधी संपली आणि कर्त्यावर झालेली असेल, तर हॅविंग बीन.

"जेवून झोपला" याचं भाषांतर "ईटिंग हिज डिनर, ही स्लेप्ट" असं केलं, तर घास तोंडात असतानाच तो झोपला. ऊन दिसला की आयएनजी लावायची सवय मोडा, इथे "हॅविंग ईटन" हवं. एक क्रिया झटकन होऊन लगेच दुसरी सुरू होत असेल, तर मात्र आयएनजी पुरतं: "ओपनिंग द एन्व्हलप, शी फाउंड अ चेक."

लेला हा सगळ्यात फसवा. मराठीत "मुलाने फोडलेली काच" चालतं आणि "काच फोडलेला मुलगा"ही चालतं. इंग्रजीत नामानंतर येणारं तिसरं रूप कर्मणी असतं. त्यामुळे "द ग्लास ब्रोकन बाय द बॉय" बरोबर आणि "द बॉय ब्रोकन द ग्लास" चूक. बरं, "द बॉय ब्रेकिंग द ग्लास" केलं तर? तो आत्ता फोडतोय असा अर्थ होतो. एकदाच घडून संपलेल्या कृतीसाठी "द बॉय हू ब्रोक द ग्लास" असंच लिहावं लागतं. "गावाहून आलेला पाहुणा" यालाही "हू"शिवाय गत्यंतर नाही. फॉलन लीव्ह्ज, रिटायर्ड टीचर, एस्केप्ड प्रिझनर असे मोजके शब्द अपवाद आहेत, आणि तेही नामाच्या आधी येतात. णारा त्या मानाने सरळ आहे: "शेजारी राहणारा माणूस" म्हणजे "द मॅन लिव्हिंग नेक्स्ट डोअर".

नामाला चिकटलेल्या अशा क्लॉजमध्ये स्वल्पविरामाने अर्थ फिरतो. "द स्टुडंट्स सिटिंग अ‍ॅट द बॅक कुडन्ट हिअर" यात फक्त मागच्यांना ऐकू आलं नाही. "सिटिंग अ‍ॅट द बॅक"च्या दोन्ही बाजूंना स्वल्पविराम दिले, तर सगळेच विद्यार्थी मागे बसले होते आणि कुणालाच ऐकू आलं नाही.

नकाराचा नॉट रूपाच्या आधी येतो: "नॉट नोइंग द अ‍ॅड्रेस", "नॉट हॅविंग स्लेप्ट". "आय अ‍ॅम नोइंग" चूक म्हणून शिकलेले लोक "नोइंग"ला बिचकतात. क्लॉजमध्ये ते बिनधास्त वापरा, "बीइंग"ही वापरा. व्हाइल, व्हेन, आफ्टर, बिफोर हे शब्द आयएनजीच्या आधी बसतात, पण बिकॉज बसत नाही. "बिकॉज बीइंग टायर्ड" लिहिलंत तर त्यातला एक शब्द उडवा: "बीइंग टायर्ड" किंवा "बिकॉज आय वॉज टायर्ड".

"जनरली स्पीकिंग", "जजिंग फ्रॉम", "कन्सिडरिंग" हे साचे आता इतके रुळलेत की त्यांना "कोण?" विचारायची गरज नाही. "वेदर परमिटिंग"मध्ये तर कर्ता सोबतच आला आहे.

आणि "बीइंग संडे, द बँक वॉज क्लोज्ड" हे वाक्य अर्जांत, ईमेलमध्ये हमखास सापडतं. बँक म्हणजे रविवार नव्हे; तिथे "इट बीइंग संडे" लागतं. तेही कागदावरच शोभतं. बोलताना असं कुणी म्हटलं तर पुस्तकी वाटतं, तिथे "इट वॉज संडे, सो द बँक वॉज क्लोज्ड" म्हणून मोकळं व्हावं.