तिच्याकडे बघून विचारा: कर्णबधिर महिला खेळाडूंच्या आहाराचं आणि तंदुरुस्तीचं काम शिकताना

कामाच्या पहिल्याच वर्षी माझ्या हातून एक चूक झाली. मध्यम पल्ल्याची धावपटू, वय वीस, जन्मापासून कर्णबधिर. तपासणीला तिच्यासोबत तिचे प्रशिक्षक आले होते. खुणांची भाषा त्यांना चांगली येत होती, म्हणून दुभाष्याचं कामही त्यांनीच केलं. मी विचारलं, "पाळी नियमित येते का?" त्यांनी खुणेने विचारलं, तिने मान हलवली आणि मी फॉर्मवर 'नियमित' असं लिहून टाकलं. चार महिन्यांनी तिच्या नडगीच्या हाडाला स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे वारंवारच्या ताणाने पडणारी बारीक भेग, झालं. तेव्हा एका महिला दुभाषीला बोलावून मी तिच्यासोबत पुन्हा बसले. सात महिने तिला पाळी आलेलीच नव्हती. प्रशिक्षकांसमोर हे सांगणं तिला जमणारं नव्हतं, आणि पाळी थांबणं ही काळजीची गोष्ट आहे हे तिला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. उलट सराव चांगला चालल्याची ती खूण आहे, असंच ती समजत होती.

या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हा प्रसंग सांगते. आहारशास्त्राची आकडेमोड पुस्तकातून येते, पण प्रश्न कुणी, कुणासमोर आणि कोणत्या भाषेत विचारला यावर पुढचं सगळं अवलंबून असतं.

'कानावर पडणं' हा आपला शब्दप्रयोग बघा. ऐकू येणाऱ्या मुलीला खाण्यापिण्याबद्दलचं, पाळीबद्दलचं, दुखापतीबद्दलचं कितीतरी ज्ञान न शिकवताच मिळतं. घरातल्या मोठ्यांचं बोलणं, कपडे बदलायच्या खोलीतल्या गप्पा, बसमध्ये मागच्या सीटवर चाललेली चर्चा. कर्णबधिर मुलीपर्यंत यातलं फारसं काही पोहोचत नाही. तिला जे कळतं ते कुणीतरी समोर बसून मुद्दाम सांगितलेलं असतं. म्हणून राष्ट्रीय पातळीवरची खेळाडूसुद्धा कधीकधी 'प्रथिनं म्हणजे नेमकं काय?' असं विचारते. तिच्या बुद्धीबद्दल किंवा मेहनतीबद्दल त्यावरून काहीही अंदाज बांधू नका. माहिती तिच्यापर्यंत आलीच नाही, एवढाच त्याचा अर्थ.

थोडी पार्श्वभूमी. डेफलिम्पिक्स या कर्णबधिर खेळाडूंच्या जागतिक स्पर्धांची सुरुवात १९२४ साली पॅरिसमध्ये नऊ देशांच्या खेळाडूंनी केली. त्यात उतरायला चांगल्या कानाची श्रवणहानी किमान ५५ डेसिबल असावी लागते, आणि स्पर्धेच्या वेळी श्रवणयंत्र किंवा कॉक्लिअर इम्प्लांटचा (ऐकण्यासाठी शस्त्रक्रियेने कानात बसवलेल्या यंत्राचा) बाहेरचा भाग काढून ठेवावा लागतो. हा नियम तुमच्या कामाशी थेट जोडलेला आहे. एरवी यंत्र लावून तुमच्याशी बोलणारी मुलगी स्पर्धेच्या वेळी जवळजवळ शांततेत असते, त्यामुळे पाणी कधी प्यायचं, काय खायचं याच्या सूचना दिसतील अशाच द्याव्या लागतात. आणि या मुलींचा दर्जा कमी समजू नका. हंगेरीची इल्डिको रेय्टो जन्मतः कर्णबधिर होती. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये तिने तलवारबाजीत वैयक्तिक आणि सांघिक अशी दोन सुवर्णपदकं जिंकली. गोल्फपटू दीक्षा डागर ऑलिंपिकही खेळली आणि डेफलिम्पिक्समध्ये सुवर्णही जिंकली.

आता चाचण्यांकडे येते, कारण नवे लोक सगळ्यात जास्त इथेच फसतात.

दमसास मोजायची बीप टेस्ट सगळ्यांना माहीत आहे: २० मीटर अंतरावरच्या दोन रेषांमध्ये बीपच्या तालावर ये-जा करत धावायचं. ताशी ८.५ किलोमीटरपासून सुरुवात, दर मिनिटाला अर्ध्या किलोमीटरने वाढ, आणि वेग सांगायला फक्त आवाज. कर्णबधिर मुलगी बाजूच्या खेळाडूचे पाय बघून निघते, म्हणजे प्रत्येक वळणावर थोडी मागे पडते. शेवटी मिळणारा आकडा तिच्या हृदय-फुप्फुसांचा नसतो, त्यात तिच्या उशिरा निघण्याचाही वाटा असतो. दोन्ही टोकांना बीपशी जोडलेले दिवे लावा. ते जमत नसेल तर ठरलेल्या वेगाने धावणारी सोबतीण द्या किंवा झेंडा वापरा. काय वापरलं ते अहवालात लिहायचं विसरू नका, नाहीतर पुढच्या वर्षीच्या आकड्याशी तुलना करता येणार नाही.

ट्रेडमिलवरची चाचणी वरवर सोपी वाटते, कारण तिथे आवाजाची गरज नसते. पण तुम्ही यंत्राच्या बाजूला उभ्या राहिलात की तुमच्याकडे बघायला तिला धावताना मान वळवावी लागते, आणि तोल कच्चा असेल तर ते धोक्याचं आहे. समोर उभ्या राहा. श्रम किती वाटतात हे विचारणारी ६ ते २० ची बोर्गची पट्टी मोठ्या अक्षरांत तिच्या नजरेसमोर टांगा, ती बोटाने दाखवेल. थांबायची खूण आधीच ठरवा. आणखी एक गोष्ट मला फार उशिरा लक्षात आली. ऐकू येणाऱ्या खेळाडूला शेवटच्या मिनिटात आपण ओरडून ओरडून ढकलतो, "अजून थोडं, सोडू नकोस!" कर्णबधिर खेळाडूला त्या वेळी काय मिळतं? एक गप्प चेहरा आणि कागदावर झुकलेली मान. आता माझ्या प्रयोगशाळेत शेवटच्या टप्प्यात एका व्यक्तीचं काम फक्त हातांनी आणि चेहऱ्याने तिला जोर देण्याचं असतं.

तोल हा स्वतंत्र विषय आहे. ऐकण्याचं आणि तोल सांभाळण्याचं इंद्रिय आंतरकर्णात शेजारीशेजारी असतं, त्यामुळे अनेक कर्णबधिर व्यक्तींमध्ये, सगळ्यांमध्ये नाही, दुसऱ्यालाही इजा झालेली असते. मेंदुज्वरानंतर बहिरेपण आलं असेल तर ही शक्यता अधिक. तोल तीन आधारांवर उभा असतो: आंतरकर्ण, डोळे, आणि पायांतून-सांध्यांतून येणारी जाणीव. पहिला आधार कमकुवत असला तर बाकीचे दोन त्याचा भार उचलतात, आणि चांगल्या खेळाडूत इतक्या सफाईने उचलतात की उजेडात, सपाट मैदानावर काहीच कळत नाही. डोळे मिटून फोमवर उभं केलं की कळतं. पण डोळे मिटायला सांगणं म्हणजे तिच्याशी बोलणंच बंद करणं. म्हणून आधी ठरवा: खांद्यावर एक थाप म्हणजे थांब. आणि पडली तर सावरता येईल इतक्या जवळ राहा.

या तपासणीचा उपयोग फक्त गुण देण्यापुरता नाही. अशा मुलीचा संध्याकाळचा सराव अपुऱ्या उजेडात ठेवू नये. पोहण्यात तर पाण्याखाली वर कुठे आणि खाली कुठे हेच हरवू शकतं. एका पायावरचे, डगमगत्या पृष्ठभागावरचे, मान वळवत करायचे व्यायाम आठवड्यात दोन-तीनदा दिले तर बाकीचे दोन आधार आणखी पक्के होतात. रात्री कमी दिसतं, बाजूचं कमी दिसतं अशी तक्रार आली तर तिला ताबडतोब डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवा. अशर सिंड्रोममध्ये बहिरेपणासोबत दृष्टीही हळूहळू जाते.

हृदयाबद्दल मी आग्रही आहे. जर्व्हेल आणि लँग-नील्सन सिंड्रोम हा दुर्मीळ आनुवंशिक विकार आहे. त्यात जन्मतः बहिरेपण असतं आणि हृदयाच्या ठोक्यानंतर विद्युतक्रिया पूर्ववत व्हायला जास्त वेळ लागतो, ज्याला ईसीजीत लांबलेला क्यूटी म्हणतात. जोराच्या व्यायामात ठोका बिघडून अचानक मृत्यू येऊ शकतो. लहानपणच्या बेशुद्धीच्या झटक्यांना पुष्कळदा फिट समजलं गेलेलं असतं. जन्मतः कर्णबधिर असलेल्या प्रत्येक खेळाडूचा ईसीजी पाहिल्याशिवाय मी कमाल क्षमतेची चाचणी घेत नाही. आहारतज्ज्ञाचा याच्याशी संबंध काय, असं एका विद्यार्थिनीने विचारलं होतं. संबंध आहे. वजनगटाच्या खेळात वजन उतरवायला उलट्या, जुलाबाची किंवा लघवीची औषधं असले प्रकार झाले की शरीरातलं पोटॅशियम घसरतं आणि क्यूटी आणखी लांबतो. शिवाय या विकारात बहुतेकदा ज्या जनुकात दोष असतो तेच जनुक जठरातल्या आम्लासाठीही लागतं. आम्ल कमी पडलं की लोह नीट शोषलं जात नाही. म्हणजे गोळ्या देऊनही न सुधारणारा रक्तक्षय दिसला तर तोही एक धागा ठरू शकतो.

बाकी लोहाचं गणित इतर महिला खेळाडूंसारखंच आहे. हिमोग्लोबिन ठीक दिसत असताना फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा दाखवणारं प्रथिन, तळाला गेलेलं असू शकतं, म्हणून दोन्ही तपासा. फेरिटिन दर मिलिलिटरला ३५ नॅनोग्रॅमच्या खाली असेल तर मी लक्ष घालते. व्यायामानंतर ३ ते ६ तासांत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक वाढतं आणि लोहाची वाट अडवतं, त्यामुळे गोळी सकाळी किंवा सराव संपल्या संपल्या घेतलेली बरी. चहा-कॉफीसोबत मात्र नको.

आता त्या धावपटूकडे परत येते. तिचं वजन ५५ किलो, चरबी २० टक्के, म्हणजे चरबीविरहित वजन ४४ किलो. रोजचं खाणं साधारण १९०० कॅलरी, सरावात जळणाऱ्या ७००. उरल्या १२००, त्यांना ४४ ने भागलं की २७. शरीराला रोजचा कारभार चालवायला मिळणारी ही ऊर्जा. ती दर किलोला ४५ च्या आसपास असावी, आणि ३० च्या खाली दीर्घकाळ राहिली तर शरीर काटकसर सुरू करतं: पाळी थांबते, हाडं विरळ होतात, दुखापती वाढतात, मन खचतं. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये याला रेड-एस (खेळातली ऊर्जेची सापेक्ष कमतरता) असं नाव दिलं. तिला ४५ पर्यंत न्यायचं तर रोज सुमारे २७०० कॅलरी हव्या होत्या. एकदम ८०० वाढवणं कुणालाच जमत नाही. सरावानंतरच्या अर्ध्या तासात काहीतरी पोटात जायलाच हवं, इथून आम्ही सुरुवात केली आणि सरावही कमी केला.

ती इतकं कमी का खात होती? उपाशी राहायचा तिचा हेतू नव्हता. शिबिरात ती ऐकू येणाऱ्या मुलींसोबत जेवायची. टेबलावर सहा जणी एकदम बोलतात, ओठ वाचायला बघावं तर ताटाकडे लक्ष राहत नाही, ताटाकडे बघावं तर हसू कशावर आलं ते कळत नाही. दहा मिनिटांत जेवण उरकून ती खोलीत निघून जायची. हे ऐकून मी सुन्न झाले होते. तिच्या आहारतक्त्यात मी ग्रॅम मोजत होते आणि टेबलाकडे बघितलंच नव्हतं. कर्णबधिर संघांमध्ये गोष्ट वेगळी असते: तिथे बोलायलाही हातच लागतात आणि जेवायलाही, म्हणून जेवणाला वेळ जास्त लागतो. अर्ध्या तासात भोजनगृह बंद होत असेल तर ताटं अर्धवट राहतात. शिबिराच्या वेळापत्रकात जेवणाला निदान पाऊण तास मागून घ्या. गोल टेबल मिळालं तर उत्तम, सगळ्यांचे हात सगळ्यांना दिसतात.

आहाराची लेखी डायरी मागू नका. अनेकींसाठी लिहिण्याची भाषा ही दुसरी भाषा असते; 'वाटीभर', 'थोडंसं' यात गोंधळ होतो आणि चुकू नये म्हणून काही जणी लिहितच नाहीत. ताटाचा जेवणाआधीचा आणि नंतरचा फोटो घ्यायला सांगा, आणि शंका असेल तर तिने खुणांच्या भाषेत व्हिडिओ पाठवावा. छापील प्रश्नावल्यांचंही तेच. शब्दश: भाषांतर करून पुढे सरकवू नका, दुभाषीसोबत एकेक प्रश्न खुणांमध्ये बसवून, व्हिडिओ करून, दोन-तीन खेळाडूंकडून तपासून घ्या.

काय शिकावं, हा प्रश्न सगळेच विचारतात. आहारशास्त्राची किंवा व्यायामशास्त्राची पदवी तर हवीच, पण तिच्याइतकीच खुणांची भाषा. निदान वर्षभर, आणि शिकवणारी व्यक्ती स्वतः कर्णबधिर असेल अशा ठिकाणी. ती भाषा येऊ लागली तरी वैद्यकीय बोलण्यासाठी प्रशिक्षित दुभाषी घ्या. बोलताना दुभाषीकडे बघू नका, खेळाडूकडे बघा. 'तिला विचार' असं म्हणू नका, तिलाच विचारा. ऑडिओग्राम, म्हणजे श्रवणचाचणीचा आलेख, वाचायला शिका. त्वचेखालची चरबी मोजण्याआधी चिमटा स्वतःच्या हाताला लावून दाखवा आणि कुठे स्पर्श होणार ते आधी सांगा, कारण पाठीमागून अचानक झालेला स्पर्श तिला ओळखीच्या आवाजाची सूचना न मिळता होतो. शक्तिव्यायामात ती बार उचलत असताना सूचना देऊन उपयोग नाही. सांगायचं ते उचलण्यापूर्वी सांगा.

संशोधन करायचं असेल तर एक विनंती. या गटात खेळाडू थोड्या, म्हणून अभ्यासही छोटे. तेव्हा 'कर्णबधिर' असा एकच शिक्का मारून सगळ्यांची सरासरी काढू नका. श्रवणहानी किती, कधीपासून, कशामुळे, इम्प्लांट आहे का, तोलाची तपासणी झाली का, हे प्रत्येकीबाबत नोंदवा.

ती धावपटू फ्रॅक्चरनंतर पाचव्या महिन्यात पुन्हा ट्रॅकवर उतरली. पाळी त्याच्या थोडी आधी परत आली होती. पुढच्या वर्षी लहान गटातल्या मुलींसाठी आम्ही दोघींनी पाळी आणि खाणं या विषयावर खुणांच्या भाषेतला एक व्हिडिओ केला. मी लिहिलेले प्रश्न तिने वाचले आणि सगळ्यांच्या आधी स्वतःचा एक घातला: "हे सांगताना खोलीत कोण असलेलं तुला चालेल?" माझ्या तपासणीच्या फॉर्मवरही आता तोच प्रश्न पहिला आहे.