लेकीच्या बाळंतपणाला ऑस्ट्रेलियाला निघालात? औषधांच्या पिशवीतल्या या चुका टाळा

गुहागरची माझी मावशी लेकीच्या बाळंतपणाला मेलबर्नला गेली तेव्हा बॅगेत लुगडी कमी आणि पुड्या जास्त होत्या. वेखंड, मुरुडशेंग, हिरडा, हळकुंड, अळीव, बाळंतशोपा, घरी कढवलेलं तूप, गोमूत्र अर्काची बाटली आणि पिवळे डाग पडलेली सहाण. "औषधंच आहेत हो, त्याला कोण हात लावतंय?" असं तिचं म्हणणं. तिथल्या विमानतळावर पुड्या एकेक करून उघडल्या गेल्या, आणि सहाण तेवढी परत मिळाली.

सगळा घोळ 'औषधंच आहेत' इथेच होतो. ऑस्ट्रेलियात औषधाला दोन दारं ओलांडावी लागतात. पहिलं औषध नियामकाचं, म्हणजे टीजीएचं: गोळी कसली, कुणासाठी, किती. दुसरं कृषी खात्याचं, आणि तिथे तुमच्या आजाराशी कुणाला देणंघेणं नसतं. वस्तू कशापासून झाली, एवढंच बघतात. बी आहे का, माती चिकटली आहे का, दूध, मध, शिंग, मूत्र आहे का? २०१५ चा बायोसिक्युरिटी कायदा १६ जून २०१६ पासून लागू आहे आणि ही तपासणी त्याच्या आधारे होते. आजीबाईच्या बटव्यातलं निम्मं सामान या दुसऱ्या दाराशीच अडकतं.

अळीवच घ्या. आपल्याला ते बाळंतिणीच्या लाडवात दिसतं, त्यांना ते रुजणारं बी दिसतं. कुंडीत टाकलं तर चार दिवसांत कोंब येतो, मग त्यांचं तरी काय चुकलं? जिरं, धने, बडीशेप यांना तर सामानातून बंदीच आहे, खापरा भुंगेऱ्यामुळे. साठवणीच्या धान्याची वाट लावणारा हा किडा आपल्याकडे मुरलेला आहे, आणि तो तिकडे शिरू नये म्हणून ते जिवाचं रान करतात. बाळगुटीची मुळं सुकी असली तरी मुळंच. अंगावर माती असेल तर ती आणखी वाईट.

गोमूत्र आणि घरच्या तुपामागचं कारण आपल्या गोठ्यातच सापडेल. लाळ्या-खुरकुताची लस टोचायला गावात माणूस येतो ना, तोच रोग. ऑस्ट्रेलियात तो १८७२ नंतर आलेला नाही. "आमच्या गायीला काही झालेलं नाही" हे तिथल्या अधिकाऱ्याला सांगून उपयोग नाही. गोमूत्र नेऊच नका. पंचगव्य घृत असंच. मृगशृंग भस्म हरणाच्या शिंगाचं. कुष्ठ, म्हणजे कूठ घातलेल्या चूर्णाचा वेगळाच ताप: ही हिमालयातली वनस्पती दुर्मीळ प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय करारातल्या, म्हणजे साइट्सच्या, पहिल्या परिशिष्टात आहे. डब्याच्या पाठीमागची बारीक अक्षरं घरीच चष्मा लावून वाचा.

आता रोजच्या गोळ्या. बीपी-शुगरच्या गोळ्यांना सहसा अडचण येत नाही, अडचण आपण निर्माण करतो. मेडिकलवाला कात्रीने स्ट्रिप कापून सहा गोळ्या देतो आणि नाव, एक्स्पायरी राहते त्याच्याकडच्या तुकड्यावर. काहीजण तर सोमवार-मंगळवारच्या खणांच्या डबीत सगळ्या सुट्ट्या गोळ्या भरून नेतात. पूर्ण स्ट्रिप घ्या, खोक्यासकट. डॉक्टरांकडून इंग्रजीत, टाइप केलेली चिठ्ठी घ्या आणि ब्रँडच्या शेजारी मूळ औषधाचं नाव लिहून मागा. आपल्याकडच्या ब्रँडवरून तिकडे कुणाला बोध होत नाही. झोपेची गोळी किंवा ट्रॅमाडॉलसारखं दुखणं थांबवणारं औषध असेल तर चिठ्ठीशिवाय निघूच नका. साठा जास्तीत जास्त तीन महिन्यांचा. सहा महिने राहणार म्हणून सहा महिन्यांच्या गोळ्या भरू नयेत.

शेजारच्या काकू येतातच, "आमच्या राजूसाठी एवढं पाकीट न्या." नको म्हणा, वाईटपणा आला तरी चालेल. सोबत नेण्याची सवलत आहे ती स्वतःच्या, किंवा तुमच्या देखभालीखाली तुमच्याबरोबर प्रवास करणाऱ्या माणसाच्या औषधांना.

मागाहून कुरियर करू, ही पळवाटही तेवढी रुंद नाही. स्वतःसाठी किंवा जवळच्या कुटुंबीयासाठी एका वेळी तीन महिन्यांचा, आणि बारा महिन्यांत मिळून पंधरा महिन्यांचा साठा मागवता येतो. पण माणसाच्या किंवा जनावराच्या शरीरातला घटक असलेलं इंजेक्शन त्यात बसत नाही, अपवाद फक्त इन्सुलिनचा. रक्त पातळ ठेवणारं हेपारिन डुकराच्या आतड्यापासून काढतात, हे घरात किती जणांना ठाऊक असतं? शंका असेल तर जावयाला कृषी खात्याच्या 'बायकॉन' या संकेतस्थळावर वस्तूचं नाव टाकून बघायला सांगा. शोधायला पैसे पडत नाहीत. परमिट लागत असेल तर ते वस्तू पोचण्याआधी हातात हवं, नंतर अर्ज करून काही होत नाही.

राहिलं विमानात मिळणारं कार्ड, सामानात काय काय आहे ते विचारणारं. इंग्रजी वाचायचा कंटाळा, म्हणून शेजारचा प्रवासी सगळीकडे 'नाही'वर खूण करून देतो. सगळ्यात महाग पडते ती हीच चूक. औषधं, खाणं, वनस्पती, प्राण्यांपासूनचे पदार्थ, यांतलं काहीही असेल तर 'हो' करा. खरं सांगितलं तर फार तर वस्तू जाते, दंड होत नाही. लपवलेलं सापडलं तर दंड, आणि पाहुण्याचा व्हिसासुद्धा रद्द होऊ शकतो. मावशीने प्रत्येक ठिकाणी 'हो' केलं होतं. पाऊण तास गेला खरा, पण एक डॉलरही द्यावा लागला नाही. हळकुंड पुढे लेकीने तिथल्याच भारतीय दुकानातून आणलं आणि ते गुहागरच्या सहाणेवर उगाळलं गेलं.