साक्ष नंतर द्या, आधी वही भरा

मनावरचा घाव चर्चमधे मंडळीपुढे साक्ष म्हणून सांगण्याआधी, म्हणजे प्रभूने कसं सावरलं ते उभं राहून सांगण्याआधी, स्वतःच्या वहीत कसा लिहायचा ते सांगते. आपल्यापैकी बऱ्याच जणींना लिहायची सवय आहेच. उपदेशाचे मुद्दे उतरवलेल्या वह्या प्रत्येकीच्या घरी दोन-चार तरी सापडतील, संडे स्कूलला शिकवलेलं असेल तर अजून जास्त. त्यामुळे पेन कुठलं, सकाळी लिहायचं की रात्री, यात मी शिरत नाही. एकच सांगते, ते ऑनलाइन मिळणारं फुलाफुलांचं जर्नल घेऊ नका. वर वचन छापलेलं असतं, खाली 'आज मी कशासाठी आभारी आहे' आणि मग तीन रेघा. ज्या बाईचं मूल गेलंय तिने त्या तीन रेघांवर काय लिहायचं? साधी शाळेची दोनशे पानी वही आणा, आणि मुलांच्या वह्यांच्या गठ्ठ्यात ठेवू नका एवढंच.

माझं दुसरं बाळ सातव्या महिन्यात पोटातच गेलं. मोठी तेव्हा बालवाडीत होती. नगरहून मम्मी आली, मंडळीतल्या ताया डबे घेऊन आल्या, पाळकसाहेब येऊन प्रार्थना करून गेले, कोणी काही कमी केलं नाही हे आधी सांगते, नाहीतर वाटेल मी मंडळीवर राग काढायला बसलेय. पण रोम ८:२८, देवावर प्रीती करणाऱ्यांसाठी सगळ्या गोष्टी मिळून भल्याच्याच ठरतात ते वचन, मला त्या आठवड्यात इतक्या जणींनी व्हॉट्सअॅपवर पाठवलं की शेवटी नोटिफिकेशन बंद केलं. वही मी तेव्हाच सुरू केली आणि सापळा पण तिथेच लागला.

सापळा म्हणजे शेवटची ओळ. आपण ख्रिस्ती घरात वाढतो ना, लहानपणापासून साक्षी ऐकत. प्रत्येक साक्षीची चाल ठरलेली: मी अशी होते, असं संकट आलं, मी गुडघ्यावर आले, प्रभूने बाहेर काढलं, हालेलुया. ही चाल इतकी अंगात भिनलेली असते की एकटीने, दार लावून, कोणी वाचणार नसताना लिहिलं तरी हात आपोआप तिकडेच जातो. माझ्या वहीतलं एक पान जसंच्या तसं देते: 'आज दूध आलं. बाळ नाही आणि दूध आलं. दोनदा ब्लाउज बदलला. मोठीने विचारलं मम्मी तू भिजलीस का. पण देवाची योजना आपल्यापेक्षा मोठी आहे, त्याच्या नावाला धन्यवाद असो.'

बघा, काय झालंय इथे. पहिल्या चार वाक्यांत मी आहे. पाचव्या वाक्यात उपासनेतला माईक आहे. आणि ते पाचवं वाक्य खोटं आहे असं नाही म्हणत मी, माझा विश्वास तेव्हाही होता, आजही आहे. पण त्या दिवशी ते वाक्य मी आतून आलं म्हणून लिहिलं नव्हतं, चौथ्या वाक्यापाशी थांबवेना म्हणून लिहिलं होतं. भिजलीस का, याच्यापुढे अजून लिहायला लागलं असतं, दुधाचं काय केलं, घट्ट बांधायला कोणी सांगितलं, रात्री काय वाटलं. ते सगळं त्या एका धन्यवादाने झाकून टाकलं. असं पानामागून पान. वही भरत गेली आणि आत काहीच हललं नाही.

आणि मग त्याच्या पुढची पायरी, ती जास्त वाईट. उपकारस्तुतीच्या उपासनेत मला साक्ष द्यायला सांगितलं. वहीत तयार मटेरियल होतंच. दिली. लोक रडले, ताया गळ्यात पडल्या, आणि तिथून पुढे मी 'त्यातून बाहेर आलेली बाई' झाले. ज्यांची मुलं गेली त्या आया माझ्याकडे धीरासाठी यायला लागल्या. आता त्यांना कसं सांगणार की मी अजून देवाशी धड बोलत नाहीये? साक्ष एकदा चारचौघांत दिली की तीच व्हर्जन पक्की होते, मग वहीतसुद्धा तिच्या विरुद्ध लिहायला हात धजत नाही. म्हणून नवीन मुलींना मी एकदम तोंडावर सांगते, जखम ओली असताना कोणी साक्ष मागितली तर नाही म्हणा, पाळकसाहेबांनी मागितली तरी. मान ठेवून, हात जोडून, पण नाही.

मला यातून बायबलमधल्या हन्नाने, मूल होत नव्हतं त्या बाईने, बाहेर काढलं, कुठल्या काउन्सेलिंगच्या पुस्तकाने नाही. १ शमुवेल, पहिला अध्याय आणि दुसरा अध्याय, दोन्ही सलग वाचा. दुसऱ्या अध्यायात तिचं ते मोठं स्तुतिगीत आहे, ते आपण सगळ्या कार्यक्रमांना वाचतो. पण पहिल्यात ती शिलोच्या मंदिरात नुसते ओठ हलवतेय, आवाज नाही, रडतेय, जेवलेली नाही, आणि एली याजकाला वाटतं ही पिऊन आलीये! म्हणजे याजकालासुद्धा कळली नाही ती प्रार्थना. आणि ती प्रार्थना आणि ते गीत यांच्या मधे किती काळ गेलाय बघा, दिवस जाणं, बाळंतपण, अंगावरचं दूध तोडेपर्यंतची वर्षं. गीत त्यानंतर. आपण लिहायला बसतो आणि पहिल्याच दिवशी दुसऱ्या अध्यायात उडी मारतो. माझं म्हणणं एवढंच, वही ही पहिल्या अध्यायासाठी आहे. एलीला कळलं नाही तरी चालेल असं त्यात लिहा.

कोणाला वाटत असेल की हे देवाविरुद्ध कुरकुर करणं झालं, तर स्तोत्र ८८ काढा. पूर्ण वाचा. शेवट अंधारात होतो, वर येतच नाही, आणि तरी ते शास्त्रात आहे, कोणी त्याला खाली एक स्तुतीची ओळ जोडून दिली नाही. रूथच्या पुस्तकातल्या नामीने पण बेथलेहेमात पोचल्यावर बायकांना तोंडावर सांगितलं की सर्वसमर्थाने माझे हाल केले. नवरा आणि दोन्ही मुलगे गमावलेली बाई ती. आपल्याकडे आज असं म्हटलं तर लगेच दोघी जणी तिच्यासाठी उपवास-प्रार्थना ठेवतील.

आणि आपल्याच लोकांतलं उदाहरण हवं असेल तर लक्ष्मीबाई टिळक. नवऱ्याने १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, घर फुटलं, त्यांनी स्वतः घेतला १९०० मध्ये, आणि त्यांच्या आठवणींचा पहिला भाग पुस्तक म्हणून आला १९३४ मध्ये. शाळेत न गेलेली बाई. इतक्या वर्षांनी लिहिलं म्हणून त्यात रडू पण आहे आणि हसू पण आहे. मी काही तुम्हाला पस्तीस-चाळीस वर्षं थांबा म्हणत नाही, पण तीन महिन्यांत सगळं छान गुंडाळून झालं पाहिजे ही घाई कोणाची आहे ते एकदा स्वतःला विचारा.

आता कामाचं. लिहून झाल्यावर लगेच बरं वाटेल अशी आशा ठेवू नका, उलट जास्त वाईट वाटतं, आणि बऱ्याच जणी तिथेच सोडून देतात. जेम्स पेनेबेकर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचा १९८६ मध्ये छापलेला प्रयोग आहे. कॉलेजच्या मुलांना लागोपाठ चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, आयुष्यातल्या सगळ्यात वाईट प्रसंगाबद्दल लिहायला लावलं. लिहिल्या-लिहिल्या मुलं जास्त खिन्न झाली, पण ज्यांनी काय घडलं आणि काय वाटलं दोन्ही लिहिलं त्यांच्या पुढच्या काही महिन्यांत दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. नंतरच्या अभ्यासांत फरक दिसला तो छोटाच, चमत्कार वगैरे नाही. पण पंधरा मिनिटांचा हिशोब आईला परवडतो, कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत होतं. घड्याळ लावा, वाजलं की थांबा, अर्ध्या वाक्यात असाल तरी. आणि एखादी गोष्ट लिहिताना हात थरथरायला लागला तर ती आज सोडा, ती कुठे पळून जात नाही.

हे पण ऐका, वही म्हणजे औषध नाही. झोप उडालीये, बाळाला जवळ घ्यावंसं वाटत नाहीये, मरावंसं वाटतंय, असं असेल तर वही बंद करा आणि डॉक्टरकडे जा, आजच. टेलिमानस म्हणून सरकारी हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट आहे, रात्रीपण लागते. गोळी घेतली म्हणजे विश्वास कमी पडला असं म्हणणारी व्यक्ती कितीही आत्मिक वाटो, तिचं ऐकू नका. तिला बीपीची गोळी चालते ना.

मार्गदर्शक हवा का असं बऱ्याच जणी विचारतात. माझं मत जरा वाकडं आहे. छान लिहिणारी शोधू नका, गप्प बसू शकणारी शोधा. मी सुरुवातीला ज्यांना दाखवलं त्यांनी शुद्धलेखन सुधारून दिलं आणि खाली एक वचन लिहून दिलं. हेतू चांगला होता हो. पण पुढचे कितीतरी दिवस मी काही लिहिलं नाही.

शेवटी जमलं ते चौघींत. दोघी आमच्या मंडळीतल्या, एक कॅथलिक, एक मोठीच्या शाळेतल्या मैत्रिणीची आई. महिन्यातून एकदा जमतो. वाचायचं असेल ती एक पान वाचते, बाकीच्या ऐकतात. सल्ला नाही, वचन नाही, 'माझ्या बहिणीचं पण असंच झालं' नाही. हे पाळायला फार जड जातं, पहिले काही महिने आम्ही जिभा चावून बसायचो. ऐकलेलं बाहेर जाणार नाही, 'प्रार्थनेसाठी सांगते हं' म्हणून पण नाही, कारण आपल्याकडे अर्ध्या बातम्या त्याच दाराने बाहेर पडतात. मोठी आता नववीत आहे, तिला विचारलं तर म्हणाली बाळाबद्दल काय ते वाच, माझ्याबद्दल नको, मग तिची पानं मी वाचत नाही. तिचं आयुष्य आहे ते, माझं मटेरियल नाही.

त्या दुधाच्या पानाचं पुढचं मी तिथेच वाचलं, शेवटची ओळ खोडून. कोणी काही बोललं नाही. कॅथलिक मैत्रीण नुसती उठून माझ्या शेजारी येऊन बसली.

तुम्ही असं काही सुरू करणार असाल तर कोणाच्या तरी घरीच जमा, चर्चच्या हॉलमधे नको, तिथे आपोआप सगळ्या ताठ बसतात. पहिल्या वेळी कोणी काहीच वाचलं नाही तरी चालतं. आणि खायला फक्त चहा-बिस्किट. पोहे केले की जिच्या घरी जमतो ती स्वयंपाकघरात अडकते आणि नेमकं तिचंच वाचायचं राहून जातं.