लघवीचा कल्चर रिपोर्ट कसा वाचावा

कल्चर म्हणजे लघवीतले जंतू लॅबमध्ये वाढवून बघण्याची चाचणी. तिचा रिपोर्ट हातात आला की नजर थेट औषधांच्या यादीवर जाते. पंधरा-वीस नावं, प्रत्येकापुढे एस, आय किंवा आर. खरं तर ही यादी सगळ्यात शेवटी वाचायची, कारण नमुनाच नीट नसेल तर तिला काही अर्थ उरत नाही.

म्हणून सुरुवात नमुना देण्यापासून. अँटिबायोटिकची पहिली गोळी घेण्याआधी नमुना द्या. एक-दोन डोस पोटात गेले तरी जंतू न वाढण्याची शक्यता असते. हात धुवा, जागा पाण्याने स्वच्छ करा, सुरुवातीची धार सोडून द्या आणि मधली धार निर्जंतुक डबीत घ्या. डबीच्या आतल्या बाजूला बोट लागू देऊ नका. दोन तासांत डबी लॅबमध्ये पोहोचली पाहिजे. ते जमत नसेल तर ती फ्रिजमध्ये ठेवा. बाहेर राहिलेल्या लघवीत जंतू भराभर वाढतात आणि आकडा खोटा फुगतो.

रिपोर्ट आल्यावर आधी जंतूंची संख्या बघा. एका मिलिलिटरमध्ये 1 लाख किंवा त्याहून जास्त, हा जुना आणि अजूनही वापरात असलेला निकष आहे. मात्र जळजळ स्पष्ट असेल तर त्याहून कमी आकडाही डॉक्टर गंभीरपणे घेतात. ‘मिश्र वाढ’ असं लिहिलं असेल तर बहुधा त्वचेवरचे जंतू नमुन्यात मिसळलेत. अशा वेळी नमुना पुन्हा द्यावा लागू शकतो.

मग जंतूचं नाव. बहुतेक वेळा ते ई. कोलाय असतं. क्लेब्सिएला, प्रोटियस, एंटेरोकॉकस हेही आढळतात. नावावरूनच काही औषधं बाद होतात: प्रोटियसवर नायट्रोफ्युरँटॉइन मुळातच चालत नाही, एंटेरोकॉकसवर सेफॅलोस्पोरिन गटातली औषधं चालत नाहीत. ‘ईएसबीएल’ असा शेरा दिसला तर जंतू पेनिसिलिन आणि सेफॅलोस्पोरिन गटांतली बरीच औषधं निकामी करणारं एन्झाइम बनवतो आहे.

आता यादी. एस म्हणजे नेहमीच्या डोसला जंतू दाद देतो, आर म्हणजे देत नाही. आय मात्र फसवा आहे. युरोपातल्या निकषांत 2019 पासून त्याचा अर्थ ‘जास्त डोस दिला तर चालेल’ असा केला आहे, म्हणून आय दिसला की डॉक्टरांना विचाराच.

पुढे मिलिमीटरमधले आकडे असतील तर त्यांची आपसांत तुलना करू नका. चाचणीत जंतू पसरलेल्या थाळीवर औषधाच्या चकत्या ठेवतात आणि रात्रभरानंतर प्रत्येक चकतीभोवतीचं जंतूविरहित वर्तुळ मोजतात. हे वर्तुळ किती मोठं असलं म्हणजे पुरे, हे औषधागणिक ठरलेलं असतं. अमेरिकी निकषांनुसार ई. कोलायसाठी 20 मिमीचं वर्तुळ नायट्रोफ्युरँटॉइनला एस ठरतं, सिप्रोफ्लॉक्सासिनला आर. एमआयसीचे (जंतूंची वाढ रोखायला लागणाऱ्या औषधाच्या किमान प्रमाणाचे) आकडे असले तरी तेच: ज्याचा आकडा सर्वात लहान तेच औषध सर्वात भारी, असं मुळीच नाही.

सगळ्या ‘एस’ औषधांतून निवड कशी होते, हे समजून घेणं मला सर्वात महत्त्वाचं वाटतं. नायट्रोफ्युरँटॉइन मूत्राशयात छान काम करतं, पण रक्तात आणि मूत्रपिंडाच्या पेशींत पुरेसं पोहोचत नाही. संसर्ग मूत्रपिंडात गेला असेल तर त्याच्यापुढचा एस कामाचा नाही. मूत्रपिंडाची कार्यक्षमता, गर्भारपण, ॲलर्जी, चालू असलेली औषधं यातलं काहीच लॅबला दिसत नाही. त्यामुळे रिपोर्ट दाखवून मेडिकलमधून स्वतः गोळ्या आणू नका.

त्रास काहीच नसताना जंतू आढळले तर सहसा औषध लागत नाही. गर्भारपण आणि मूत्रमार्गाच्या काही शस्त्रक्रिया हे मुख्य अपवाद.

थंडी वाजून ताप, कमरेच्या वर एका बाजूला दुखणं किंवा उलट्या असतील तर रिपोर्टची वाट बघत बसू नका, लगेच दवाखाना गाठा. औषध आधीच सुरू असेल आणि रिपोर्टमध्ये त्याच्यापुढे आर आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. जुने रिपोर्ट जपून ठेवा. पुढच्या वेळी कल्चर येण्याआधी औषध निवडायचं झालं, तर गेल्या काही महिन्यांत कशाला आर आला होता हे डॉक्टर आधी बघतात.